घर आवरून झालं, तरी शिल्लक का वाढत नाही?

प्रश्न : देवघेव

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला नेमकं चित्र दिसेल.

आम्ही दोघंही ४२ वर्षांचे. मी ग्रंथालयात देवघेव विभागात काम करते, नवरा एका कारखान्यात देखभालीचं काम बघतो आणि त्याला पाळ्या असतात. मुलगी चौदा वर्षांची. कर्ज कुठलंच नाही. दोघांची मिळून मिळकत १०० धरली, तर त्यातले ४५ माझे आणि ५५ त्याचे. वर्षाला ८० खर्च होतात, २० उरतात. निवृत्तीचा निधी धरून आजवरची सगळी पुंजी एकत्र केली तर ती आमच्या सहा वर्षांच्या खर्चाइतकी भरते. मिळकत वाढली तरी हे ८०-२० हलत नाही. पगार वाढला की खर्चही त्याच्या मागोमाग वाढतो.

मला काय हवंय ते आधीच सांगते. आर्थिक स्वातंत्र्य म्हटलं की बऱ्याच जणांच्या मनात लवकर निवृत्ती आणि भरपूर प्रवास येतो. माझ्या मनात नवऱ्याची रात्रपाळी येते. त्या आठवड्यात तो दिवसा झोपतो, पण झोप लागत नाही. जिन्यातला पायरव, शेजारचं दार, माझ्या हातातून पडलेला चमचा, कशानेही तो उठून बसतो. पन्नाशीनंतर हे शरीराला झेपणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळतंय. पंचावन्नपर्यंत त्याला "आता रात्रपाळी करणार नाही" असं ठामपणे सांगता यावं आणि त्यावरून नोकरी गेली तरी घर चालावं, एवढी माझी इच्छा आहे.

गेलं वर्षभर आम्ही घर आवरलं. ग्रंथालयात दर काही वर्षांनी निर्लेखन करतात. फाटलेली, कालबाह्य झालेली, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं यादी करून बाद होतात. तीच शिस्त मी घराला लावली. हॉलमधल्या टेबलाच्या खालच्या खणाचं उदाहरण देते. त्यात कधीच मोडीत गेलेल्या फोनांचे चार्जर होते, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या, मुदत संपलेली वॉरंटी कार्डं होती आणि भिंतीत ठोकायच्या प्लॅस्टिकच्या गुट्ट्यांची न फोडलेली पाकिटं होती, एकसारखीच. नवऱ्याने प्रत्येक अॅडॉप्टर मल्टिमीटर लावून तपासला, चालू निघाला त्याच्यावर व्होल्टेज लिहून चिठ्ठी चिकटवली, बाकीचे बाजूला काढले. कपाटं, माळा, पलंगाखालचे खोके, सगळं असंच एकेक करून झालं. विकण्यासारखं विकलं, देण्यासारखं दिलं.

घर आता सुरेख वाटतं. पण विक्रीतून आलेले पैसे आमच्या एका महिन्याच्या शिलकीइतकेही नाहीत आणि वर्षअखेरचा हिशेब पुन्हा ८०-२० वरच आला. म्हणून विचारते. आवराआवरीचा बचतीशी खरंच काही संबंध आहे का? असेल तर तो कुठे दिसतो? आणि "पुरेसे" म्हणजे किती, हे ठरवायचं कसं?

उत्तर : व्याजबट्टा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे सोपे होतात.

किती लागतील हे मिळकतीवरून ठरत नाही, खर्चावरून ठरतं. सर्वसाधारण ठोकताळा असा की वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी असावी, म्हणजे पहिल्या वर्षी त्यातले ४ टक्के काढून घर चालवता येतं. हे ४ टक्के आले कुठून तेही माहीत असलेलं बरं. विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक नियोजनकाराने १९९४ साली १९२६ पासूनचे शेअर, रोखे आणि महागाईचे आकडे घेऊन तपासलं की निवृत्त माणसाने दरवर्षी किती काढले तर पैसे त्याच्या आधी संपत नाहीत. पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचे आणि पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची, तर अगदी वाईट वेळी निवृत्त झालेल्यांनाही पुंजी ३० वर्षं पुरली, असं त्याला दिसलं. १९९८ मध्ये ट्रिनिटी विद्यापीठातल्या तीन प्राध्यापकांच्या अभ्यासातही साधारण असंच चित्र आलं. पण हे आकडे एका देशाच्या बाजाराचे आहेत आणि त्या शतकात तो बाजार फार चांगला चालला. शिवाय पंचावन्नाव्या वर्षी थांबणाऱ्याला ३० नाही, ४० वर्षांची तरतूद लागू शकते. म्हणून मी स्वतः ३० पट धरून चालतो. २५ पट हा पहिला टप्पा समजा.

आता तुमच्या ८०-२० कडे येऊ. शून्यापासून सुरुवात केली, महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरला आणि २५ पट गाठायचं ठरवलं, तर मिळकतीच्या १० टक्के वाचवणाऱ्याला ५१ वर्षं लागतात. २० टक्के वाचवणाऱ्याला ३७, ३० टक्क्यांना २८ आणि निम्मी मिळकत वाचवणाऱ्याला १७ च्या आत. वीसाचे तीस केले की नऊ वर्षं कमी होतात, कारण खर्च उतरला की शिल्लक वाढतेच, शिवाय गाठायची रक्कमही खाली येते. पगारवाढीने यातली फक्त पहिली गोष्ट होते. वाढीबरोबर खर्च वाढला तर तीही होत नाही, आणि तुमच्याकडे नेमकं तेच चाललंय.

तुमच्याकडे सहा पट आधीच आहेत, ही चांगली सुरुवात आहे. १३ वर्षांचा हिशेब मांडून पाहिला. ८०-२० वर राहिलात तर पंचावन्नला पुंजी खर्चाच्या साधारण १५.७ पट होते. ७०-३० वर आलात तर साडेवीस पट. परतावा महागाईच्या वर फक्त ३ टक्के मिळाला तर हेच आकडे १२.७ आणि १६.८ होतात. हे दुसरे आकडेही समोर ठेवूनच ठरवा.

एक काळजी घ्या. मुलीच्या शिक्षणाचा खर्च एके दिवशी संपणार आहे, त्याला २५ ने गुणू नका. तो वेगळा काढून ठेवा. उलट जो खर्च दर महिन्याला कायम येत राहणार, त्याला ३०० ने गुणा, कारण बारा महिने गुणिले २५ म्हणजे ३००. महिन्याला १०० जाणारी एखादी वर्गणी कायम चालू ठेवायची तर तिच्यासाठी ३०,००० ची पुंजी बाजूला लागते. बँकेचं विवरण पुढ्यात घ्या आणि आपोआप वळते होणाऱ्या प्रत्येक रकमेपुढे हा गुणाकार लिहा. खणातल्या चार्जरने आता तुमचं काहीच जात नाही, त्याचे पैसे कधीच गेलेत. जातंय ते या ओळींमधून.

पुंजी कुठे ठेवलीय ते तुम्ही लिहिलेलं नाही, तरी एवढं सांगतो की तिच्यावरचं वार्षिक शुल्क तपासा. ३० वर्षांत ७ टक्क्यांनी वाढणारी रक्कम साडेसात पटीच्या वर जाते. शुल्कापोटी त्यातला १ टक्का दरवर्षी गेला तर ती पावणेसहा पटीच्या आत राहते. सगळ्या पुंजीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या एका टक्क्यात जातो.

उत्तर : मोकळा कोपरा

व्याजबट्टा यांच्याशी आकड्यांबाबत वाद नाही, पण चार्जरने काहीच जात नाही हे मला पूर्ण पटत नाही. चार्जरचे पैसे गेले, पण तो ज्या सवयीने घरात आला ती सवय अजून घरातच आहे. न फोडलेल्या गुट्ट्यांची इतकी पाकिटं का निघाली? दर वेळी खिळा मारायच्या दिवशी आधीचं पाकीट सापडलं नाही म्हणून. पसारा असा महाग पडतो, आहे तेच पुन्हा विकत आणायला लावतो.

तुम्ही निर्लेखनाचं लिहिलंत ते वाचून मला बरं वाटलं, कारण तुमचा व्यवसायच याचं उत्तर देतो. ग्रंथालयात पुस्तक बाद होतं तेव्हा त्याची नोंद होते. तसंच पुस्तक येतानाही त्याला दाखल क्रमांक मिळतो, कुठून आलं, केवढ्याला आलं हे नोंदवहीत चढतं. घरात तुम्ही पहिली अर्धी शिस्त आणली. दुसरी अर्धी, म्हणजे दाखल नोंदवही, अजून आलेली नाही. शिल्लक हलायची असेल तर ती दाराशीच हलणार.

मी काय करते ते सांगते. घराबाहेर गेलेल्या प्रत्येक वस्तूपुढे ती का आली होती हे एका शब्दात लिहिलं. सवलत. भेट. हौस. घाई. सापडलं नाही. मूल मोठं झालं. यादी लांबत गेली तशी दोनच कारणं पुन्हापुन्हा येऊ लागली, माझ्या बाबतीत "सवलत" आणि "घाई". "मूल मोठं झालं" या कारणाने गेलेल्या वस्तूंचं मला काहीच वाटलं नाही, त्या वापरून संपल्या होत्या. पण सवलतीत घेतलेले आणि जेमतेम वापरलेले कपडे एका ढिगात घातले, तेव्हा माझी बचत कुठे जात होती ते मला डोळ्यांनी दिसलं. तुमची निर्लेखनाची यादी असेलच. तिच्यात हा एक रकाना घाला, आठवेल तेवढं लिहा.

मग नवीन वस्तूंसाठी प्रतीक्षायादी. हवीशी वाटणारी वस्तू आधी वहीत लिहायची, तारखेसह, आणि महिना उलटल्यावर पुन्हा वाचायची. तरीही हवी असेल तर घ्यायची, मनापासून घ्यायची, अपराधी न वाटता. माझ्या वहीतल्या बऱ्याच ओळींवर महिन्याने मीच काट मारते. आणखी एक, आवराआवर झाली की लगेच सुबक डबे, टोपल्या, कप्प्यांचे रॅक आणावेसे वाटतात. ते आणू नका. रिकामी जागा रिकामीच राहू द्या.

हे इतकं अवघड का जातं याचं एक कारण माहीत असलं तर स्वतःवर चिडणं कमी होतं. डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि ते विकायला केवढे घ्याल असं विचारलं. ज्यांच्याकडे मग नव्हता त्यांना केवढ्याला घ्याल असं विचारलं. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगासाठी त्याच्या मालकांनी दुसऱ्यांच्या साधारण दुप्पट मागितले. वस्तू आपली झाली एवढ्यानेच ती आपल्याला जास्त मोलाची वाटते. म्हणून कपाटापुढे उभं राहून "हे टाकू का?" असं विचारू नका. "हे आज माझ्याकडे नसतं, तर पैसे मोजून आणलं असतं का?" असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

आणि एक विनंती. नवऱ्याच्या आणि मुलीच्या वस्तूंना त्यांच्याशिवाय हात लावू नका. तुम्ही लावत नसालच, अॅडॉप्टर त्यानेच तपासले हे वाचलं. चौदा वर्षांच्या मुलीला तिचं कपाट ही तिची हद्द वाटते.

उत्तर : सुईदोरा

माझा सूर जरा वेगळा आहे. वयाने मोठी आहे आणि तंगीत वाढले आहे, त्यामुळे "टाका, मोकळे व्हा" हा सल्ला मला सरसकट पटत नाही. लागलं तर पुन्हा आणू, असं म्हणता येणाऱ्यालाच वस्तू सहज टाकता येते. ज्याला पुन्हा आणणं जड जातं त्याने जपून ठेवलेला पत्र्याचा डबा हा पसारा नसतो.

मी वस्तू दोन प्रकारच्या मानते. काही पुढचा खर्च वाचवतात, काही पुढचा खर्च ओढून आणतात. शिवणयंत्र, पेचकसांचा संच, डिंक, सँडपेपर, आणि देवघेव, तुमच्या नवऱ्याचा मल्टिमीटर, हे पहिल्या प्रकारात. त्याने व्होल्टेज लिहून ठेवलेले अॅडॉप्टर एका डब्यात ठेवाच. उद्या राउटरचा अॅडॉप्टर गेला तर त्यातलाच एखादा चालेल. फक्त व्होल्टेज तेच हवं, अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत आणि पिनेचा धन-ऋण जुळायला हवा. त्याला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, इतरांसाठी लिहिलं.

दुरुस्तीला मी फार मानते. छताचा पंखा हळू फिरायला लागला की लोक पंखा बदलायला निघतात. बहुतेक वेळा त्यातला कपॅसिटर कमजोर झालेला असतो आणि तो पंख्याच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत येतो. कपडे धुण्याचं यंत्र पाणी सोडत नसेल तर आधी खालची जाळी काढून बघा, त्यात नाणी, बटणं, केसांच्या पिना निघतात. बुटाचा तळ झिजला आणि वरचं कातडं धड असेल तर तळ बदलून घ्या. पायाला सरावलेला बूट नवा होऊन मिळतो.

जुन्या फोनांच्या बॅटऱ्या खणात असतील तर आजच बघा. फुगलेली लिथियम बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही आणि रोजच्या कचऱ्यातही टाकायची नाही, आग लागते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

आणि काटकसर कुठे करायची नाही तेही सांगते. दात, चष्मा, पायातलं आणि झोपायची गादी, इथे हात आखडू नका. दाताचं दुखणं पुढे ढकललं की साध्या भरावाचं काम मुळापर्यंत जातं. तुमच्या घरी रात्रपाळीचा माणूस आहे. त्याच्या खोलीला जाड, प्रकाश अडवणारे पडदे लावा, दाराच्या खालच्या फटीला पट्टी लावा, कानात घालायचे बोळे आणा. तुमच्या प्रतीक्षायादीत हे लिहायची गरज नाही, सरळ घेऊन या. पुंजी जमेपर्यंत त्याला झोपायला तर हवं.

देवघेव

तिघांचेही मनापासून आभार. पडदे आले, पट्टीही लागली. सुईदोरा, तुमचं ते शेवटचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही.

विवरण पुढ्यात घेऊन ३०० चा गुणाकार आम्ही दोघांनी मिळून केला. वर्गण्यांमध्ये कुणीच न बघणारी दोन करमणुकीची खाती निघाली. एक फोनच्या ढगातल्या साठवणीची वर्गणी निघाली, त्यात बहुतेक एकाच प्रसंगाचे पाच-पाच फोटो होते. मुलीने ते बसून पुसले आणि खालचा टप्पा घेतला. ही सगळी मिळून १०० पैकी एकाच्या आसपास भरली. बाहेर गेलेल्या वस्तूंच्या यादीत कारणाचा रकानाही घातला. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द "सापडलं नाही" हा आहे, त्याच्यानंतर "सवलत". प्रतीक्षायादी सुरू केलीय. यातून वर्षाला ३ वाचतील असा अंदाज, जपून धरलेला.

पण सगळ्यात मोठी ओळ गाडीची निघाली. ती घरात नाही, खाली उभी असते, म्हणून आवराआवरीत तिचा विचारच आला नाही. विमा, सर्व्हिसिंग, उभी राहून उतरणारी बॅटरी, उभ्या जागेचं भाडं आणि इंधन मिळून वर्षाला १०० पैकी ६ जातात. नवरा कामाला कंपनीच्या बसने जातो, मी चालत. गाडी निघते ती दवाखान्याला, लग्नकार्याला आणि मुलीच्या स्पर्धांना. तेवढ्यासाठी भाड्याची गाडी घेतली तर २ पुरतील असा हिशेब निघतो, अडीअडचण धरून. म्हणजे ४ वाचतात.

एकूण ८. खर्च ७२ वर, शिल्लक २८ वर. गाडी विकायला नवरा तयार आहे, जड मनाने का होईना, कारण ती त्याने स्वतः जपलीय. व्याजबट्टा, ७२-२८ वर पंचावन्नला किती पट होतील? आणि ते पुरेल का?

उत्तर : व्याजबट्टा

५ टक्क्यांनी १९.५ पट, ३ टक्क्यांनी १५.९ पट, गाडीची किंमत न धरता. २५ ला कमी पडतात. पण १९.५ पटीचे ४ टक्के म्हणजे खर्चाच्या ७८ टक्के. उरलेले २२ टक्के तुमच्यापैकी एकाने हलकं काम करून आणले तरी चालेल. सगळं किंवा काहीच नाही, असं यात नसतं.

पगारवाढीचं मात्र आजच ठरवा. वाढीतला निम्मा भाग पगाराच्याच दिवशी आपोआप बाजूला पडू द्या, उरलेला निम्मा खुशाल खर्च करा. महागाई वजा जाता मिळकत १०० ची १३० झाली, तर तोवर २८ ची शिल्लक ४३ झालेली असेल.

उत्तर : दिवसपाळी

मी स्वतः पाळ्यांमध्ये काम केलेली बाई आहे, म्हणून हा धागा लक्ष देऊन वाचला. देवघेव, तुमचे आकडे पुन्हा एकदा, तुमच्या मूळ प्रश्नाच्या बाजूने बघा. पंचावन्नला किती पट होतील हे तुम्ही विचारताय. पण तुम्हाला हवं होतं ते रात्रपाळीला नकार देणं.

तुमची मिळकत ४५, त्याची ५५. समजा त्याने आज दिवसाचं काम धरलं आणि त्यात त्याला आताच्या निम्मेच, साडेसत्तावीस, मिळाले. दोघांचे मिळून साडेबहात्तर. खर्च ८० असताना दरवर्षी साडेसातांची तूट पडली असती आणि ती पुंजीतून भरावी लागली असती. खर्च ७२ असेल तर तूट पडत नाही. पुंजीत नवी भर पडणार नाही हे खरं, पण कुणी हातही लावणार नाही. ५ टक्क्यांनी ती पंचावन्नपर्यंत आपली आपण साडेबारा पट होईल. पूर्ण निवृत्ती लांबेल, कदाचित साठीच्या पुढे जाईल. पण दिवसा काम करून रात्री झोपणारा माणूस साठीपर्यंत काम करू शकतो. रात्रपाळीत झिजलेल्या माणसाला पंचावन्नही लांब वाटतं, हे मी जवळून पाहिलंय.

आणि देखभालीचं काम जाणणारा, मल्टिमीटर हातात धरता येणारा माणूस निम्म्यावर जाईल असं मला वाटत नाही. इमारती, इस्पितळं, शाळा, सगळीकडे दिवसा अशी माणसं लागतात. कदाचित त्याच कारखान्यात कायम दिवसपाळीची जागा असेल, पाळीचा भत्ता तेवढा जाईल. म्हणजे विचारायला १३ वर्षं थांबायची गरज नाही. ७२ वर सलग एक वर्ष राहून दाखवलंत, की तुमच्या हातात खरा आकडा असेल, अंदाज नाही. त्या वर्षातली २८ ची शिल्लक वेगळ्या खात्यात ठेवा. ती तुमच्या साडेचार महिन्यांच्या खर्चाइतकी होते, त्यात गाडीचे पैसे घातले की सहा महिने पार होतील. तेवढी गंगाजळी हाताशी ठेवूनच त्याने साहेबांशी बोलावं.

बोलण्याआधी तीन गोष्टी कागदावर तपासा. सध्याचा आरोग्य विमा त्याच्या नोकरीशी जोडलेला आहे का? असेल तर नोकरी सुटण्याआधी स्वतःचा, तिघांचा विमा सुरू झालेला हवा, कारण आधीपासूनच्या आजारांना बऱ्याच विम्यांमध्ये प्रतीक्षाकाल असतो. सहा पटींमधला किती भाग निवृत्तीच्या वयापर्यंत काढता येत नाही? तो वजा करून हाताशी किती राहतं ते लिहा. आणि पाळीचा भत्ता मूळ पगारात धरून निवृत्तीनिधीची कपात होते का? होत असेल तर दिवसपाळीत ती कपातही कमी होईल, ती रक्कम व्याजबट्टा यांच्या हिशेबातून वगळावी लागेल.

पगाराची पावती समोर असेल तर या तिन्हीतली दोन उत्तरं तिच्यावरच मिळतील. रकमा नको, फक्त शेकड्यात इथे टाका, पुढचा हिशेब मिळून करू.